खोक्यातून आलेलं कपाट

(दृश्य: नवी मुंबईतल्या इमारतीचा अरुंद जिना. दोघं जण लांबट खोकं तिरकं करून वळणावरून वर नेतायत.)

जोडलेलं कपाट या जिन्यावरून वर गेलंच नसतं. सुटं होऊन खोक्यांत आलं, म्हणून घरात शिरलं. थोड्या वेळात फळ्या जोडून उभं राहील, दाराला आरसाही लागेल. सुताराच्या प्लायच्या कपाटापेक्षा किंमत बरीच कमी. आणि शेजारपाजारचं जे कुणी बघायला येईल, ते एकच विचारेल: टिकेल का हो?

सुटे भाग विकायचे आणि जोडायचं काम गिऱ्हाइकावर सोडायचं, ही युक्ती जुनी आहे. १८५९ साली व्हिएन्नाच्या थोनेट या फर्निचर कंपनीने १४ नंबरची खुर्ची बाजारात आणली. अशा ३६ खुर्च्या सुट्या करून एक घनमीटरच्या पेटीत बसायच्या. पुढे १९५६ मध्ये स्वीडनच्या इकिया या फर्निचर कंपनीतल्या गिलिस लुंडग्रेन यांनी टेबल गाडीत मावेना म्हणून त्याचे पायच काढले, अशी गोष्ट ती कंपनी सांगते. इकिया २०१८ मध्ये हैदराबादला आणि २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत पोचली.

पण थोनेटची खुर्ची बीच नावाच्या झाडाच्या अस्सल लाकडाची होती. या कपाटाची फळी कशाची आहे?

(दृश्य: कापलेल्या फळीची कड, अगदी जवळून.)

जाहिरातीत ‘इंजिनिअर्ड वुड’ लिहिलेलं असतं. त्यात प्लाय आला, लाकडाचे तंतू दाबून केलेला एमडीएफ आला, पार्टिकल बोर्डही आला. म्हणजे कळलं काहीच नाही. ‘शीशम फिनिश’ हा तर नुसता रंग. स्वस्त कपाटात बहुतेक वेळा पार्टिकल बोर्डच निघतो: लाकडाचा बारीक चुरा आणि कपचे, त्यात बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद, आणि तापवून दिलेला दाब. वरून दोन्ही बाजूंना मेलामाइनचा, म्हणजे कडक प्लॅस्टिकसारखा पातळ थर. दुकानात याला ‘प्री-लॅम’ म्हणतात.

कोरड्या हवेत हा बोर्ड काही वाईट नाही. सपाट राहतो, लाकडासारखा पीळ खात नाही. पण कोकणपट्टीतला जुलै कोरडा नसतो. वरचा थर पाणी अडवतो, उघडी कड अडवत नाही. रोज लादी पुसताना ओला कपडा नेमका तळाच्या कडेला लागतो. आत शिरलेल्या पाण्याने कपचे फुगतात, दाबून बसवलेली जाडी सुटते, गोंदाची पकड जाते. मग ऑक्टोबरचं ऊन लागलं तरी फुगलेली कड पुन्हा खाली बसत नाही. म्हणून खोकं उघडल्याबरोबर आरसा बघू नका, फळीची खालची आणि मागची कड बघा. तिथेही पट्टी चिकटवलेली असेल तर बनवणाऱ्याने विचार केलाय. नसेल तर जोडण्याआधी त्या कडांना वॉर्निशचे दोन हात मारा आणि कपाट प्लॅस्टिकच्या पायांवर उभं करा.

ओल एक शत्रू. दुसरा शत्रू म्हणजे टेम्पो.

महाराष्ट्रात भाडेकरार बहुधा ११ महिन्यांचा असतो. करार संपला की कपाट सुटं करायचं, नव्या घरी पुन्हा जोडायचं. दोन फळ्या ‘मिनीफिक्स’ने धरलेल्या असतात: एका फळीत खिळ्यासारखा बोल्ट, दुसरीत गोल चकती. चकती अर्धा फेरा फिरवली की फळ्या घट्ट. पण तो बोल्ट आणि बिजागऱ्यांचे स्क्रू ज्यात रुततात, तो शेवटी चुराच. स्क्रू पुन्हा पुन्हा काढला-घातला की भोक ढिलं होतं आणि दार लोंबायला लागतं. जाणता सुतार ते भोक थोडं मोठं करतो, फेव्हिकॉल लावलेली लाकडी खुंटी ठोकतो आणि सुकल्यावर तिच्यात नवं भोक पाडतो. दिसायला जुगाड वाटतो, पण पकड चांगली बसते. या कपाटाचं वय वर्षांवरून नाही, किती घरं बदलली त्यावरून धरावं, असं आमचं मत.

(दृश्य: कपाटाची पाठ. दोघं जण मोजपट्टीने कोपरा ते कोपरा मोजतायत.)

सगळ्यात दुर्लक्षित भाग हा. पाठीची पातळ फळी नुसती धूळ अडवायला नसते. कपाट चौकोनी ठेवायचं काम तीच करते. दोन्ही कर्ण सारखे भरले, की मगच तिचे खिळे ठोकायचे. कंटाळून निम्मे खिळे वगळले, तर चौकट तिरकी होते, दारं एकमेकांवर चढतात आणि दोष बिजागऱ्यांना मिळतो.

मग लोखंडी कपाट घ्यावं? गोदरेज १९२३ पासून ती बनवतंय. ती जड असतात, ओरखड्यावर गंज धरतात, पण उचलून नेली की नव्या घरात तशीच उभी राहतात. सुताराचं प्लायचं कपाट मजबूत खरं, पण ते भिंतीच्या मापाने बांधलेलं. भाड्याच्या घरात ते करायचं कोणी?

खोक्यात एक पुडी बहुतेक वेळा न उघडता राहते. तिच्यात भिंतीला अडकवायची पट्टी असते. २०१६ मध्ये इकियाने अमेरिकेत ड्रॉवरची सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत मागवली. भिंतीला न बांधलेली कपाटं अंगावर पडून लहान मुलांचे मृत्यू झाले होते. आपल्याकडे अडचण घरमालकाची. भिंतीला भोक पाडू देत नाहीत. तेव्हा करारावर सही करायच्या आधीच तेवढी परवानगी मागून घ्या. पट्टी बसेपर्यंत जड सामान खालच्या खणात ठेवा, आणि एका वेळी एकच ड्रॉवर उघडा.