तलंग अंड्यावर येते तेव्हा

(सकाळ. इंदूरच्या रामबागेतली गल्ली, पोह्यांच्या गाडीवरची वाफ. मग एका घराचं मागचं अंगण.)

काकूंचा दिवस हल्ली खुराड्यापासून सुरू होतो. चहासुद्धा नंतर.

आत तीन कडकनाथ तलंगा आहेत. तलंग म्हणजे अजून एकही अंडं न दिलेली कोंबडी. आषाढात झाबुआकडून आणली तेव्हा ही पिल्लं मुठीत मावत होती. आता संक्रांत तोंडावर आलीय. काकू रोज वाकून पेंढ्यात हात घालतात आणि रिकामाच बाहेर काढतात.

बाजारात अंडी पुरवणारी हायब्रिड कोंबडी १८ ते २० आठवड्यांत अंड्यावर येते. कडकनाथला साधारण सहा महिने, आणि थंडीत आणखी उशीर. कोंबडीचं पंचांग उजेडाचं असतं. डिसेंबरात इंदूरचा दिवस जेमतेम पावणेअकरा तासांचा. उजेड तिला नुसता डोळ्यांनी कळत नाही, कवटीतून पार मेंदूपर्यंत झिरपतो. दिवस वाढू लागला, की आतली चक्रं फिरतात.

पुतण्या म्हणाला, "काकू, खुराड्यात बल्ब लावू या का?"

"राहू दे रे. तिची काय बोर्डाची परीक्षा आहे?"

(जवळून : तुरा. मग पाठीवर ठेवलेला हात.)

तुरा काळपट-जांभळाच, पण गेल्या आठवड्यात भरलाय, चकाकतोय. आणि हे पाहा. कालपर्यंत हात लावला की पळणारी ही तलंग आज पाठीवर हात पडताच पंख जरा पसरून खाली दबते. जाणत्यांना एवढी खूण पुरते.

संध्याकाळी ती ज्वारी सोडून शिंपल्यांच्या चुऱ्याकडे वळते. एका कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं. पहिल्या अंड्याआधी दोनेक आठवडे तिचं शरीर पायाच्या हाडांच्या पोकळीत त्याचा साठा करू लागतं. हा चुरा पिल्लांना मात्र भरवायचा नाही, मूत्रपिंडं बिघडतात.

(पेंढा. त्यात ठेवलेला पांढरा गोटा.)

हा गोटा काकूंनी ठेवलाय, अंडं कुठे घालायचं हे तिला कळावं म्हणून. सकाळपासून ती तिथे चार वेळा बसून उठली. पेंढा चोचीने उचलायचा, पाठीवर टाकायचा, पुन्हा बाहेर. अंडं तयार व्हायला एक दिवस आणि वर तास-दोन तास लागतात, त्यातले वीसेक तास एकट्या कवचाचे. नवखी असली की कधी कवच मऊ पडतं, कधी आत बलकच नसतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

(कोंबडीचा कलकलाट. काकूंचा हात पेंढ्यात.)

या वेळी गोट्याशेजारी काहीतरी ऊबदार लागतं. लिंबापेक्षा थोडं मोठं. कवचावर रक्ताची एक बारीक रेघ, पहिल्या अंड्यावर कधीकधी असते.

झाबुआच्या कडकनाथच्या काळ्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून अंडंही काळंच असणार, असं गल्लीत सगळ्यांनी धरलेलं. शेजारच्या वहिनी कुंपणावरून वाकून बघतात.

"अगंबाई, हे तर फिकट बदामीच!"

काकू स्वतः अंडं खात नाहीत. त्या ते पदराला पुसतात आणि गव्हाच्या डब्यात, टोक खाली करून ठेवतात.