लाल बाटली, निळी बाटली

श्रोतेहो, नमस्कार.

बाहेर गारठा वाढलाय. तुम्ही शाल-बिल घेऊन बसला असाल, म्हणून आज एका हिवाळ्याचीच गोष्ट काढते. ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्च संपेपर्यंत, साडेपाच महिने, मी आणि आमचे हे चाकांवरच्या एका खोलीत राहिलो. इंग्लंडमध्ये, डर्बीशायर भागात, बक्स्टन नावाचं गाव आहे, त्या गावाबाहेरच्या एका माळावर.

या खोलीला तिकडे टूरिंग कॅराव्हॅन म्हणतात. सिनेमावाल्यांची व्हॅनिटी व्हॅन डोळ्यांपुढे आणू नका. कॅराव्हॅनला इंजिन नसतं. ती आपल्या मोटारीच्या मागे अडकवायची, ओढत न्यायची, आणि मुक्कामाला पोचलं की चारी कोपऱ्यांचे पाय हँडल फिरवून खाली टेकवायचे. आमची साधारण अर्ध्या एसटीएवढी होती. त्यातच पलंग, त्यातच ओटा, त्यातच मोरी आणि त्यातच संडास. त्या संडासाला खालून ओढून काढायची एक टाकी असते, तिला कॅसेट म्हणतात. तिच्याबद्दल शेवटी सांगते, आठवण ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, बाई, चांगलं घर सोडून हे कसले डोहाळे? तर घर विकलं होतं. लंडनकडचं, हॅरोचं घर विकून आम्हाला लेकीजवळ, डर्बीच्या बाजूला जायचं होतं. तिथे घरखरेदीची साखळी असते. आमचं घर घेणारा त्याचं विकणार, आम्ही ज्याचं घेणार तो पुढे दुसऱ्याचं घेणार, आणि या साखळीतल्या एकाने जरी हात वर केले की सगळे लटकले. करारांची अदलाबदल होईपर्यंत तिथे कायद्याने कुणीच बांधलेला नसतो. आपल्याकडे विसार घेतला की माणसाला निदान लाज तरी वाटते! असो. आमचं विकलं गेलं आणि घ्यायचं ते लटकलं. लेकीचं घर दोन खोल्यांचं, त्यात तान्हं बाळ. उन्हाळ्यात फिरायला म्हणून जुनी कॅराव्हॅन घेतलेली होतीच. हे म्हणाले, "महिनाभराचा तर प्रश्न आहे." या एका वाक्यावर मी आजवर काय काय सोसलंय ते सांगायला मला वेगळं भाषण द्यावं लागेल.

माळ कसला, तिथे त्याला साइट म्हणतात. बऱ्याच साइट हिवाळ्यात बंद होतात, काही बारा महिने चालू असतात. तिथेही राहायची परवानगी सुट्टीपुरती, घर म्हणून नाही. कायमचा पत्ता दुसरीकडचा दाखवावा लागतो. आम्ही लेकीचा दिला आणि हिवाळाभराचं भाडं भरून टाकलं.

आणि गाव निवडलं ते बक्स्टन! समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर. श्रोत्यांमध्ये क्रिकेटवाले असतील त्यांच्यासाठी सांगते, २ जून १९७५ ला याच गावात डर्बीशायर आणि लँकेशायरचा सामना बर्फ पडल्यामुळे थांबला होता. बर्फ, जूनमध्ये! मग जानेवारीत काय होत असेल? यांना ही गोष्ट ठाऊक होती, बरं का. मोठ्या कौतुकाने सांगायचे. पण कौतुकातून निष्कर्ष काढणं यांना कधी जमलं नाही.

या चाकांवरच्या घरांचा छंद तिकडे जुना आहे. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या आरमारातल्या एका निवृत्त डॉक्टरने ब्रिस्टॉलला खास स्वतःसाठी अशी गाडी बनवून घेतली. नाव ठेवलं 'वॉन्डरर', म्हणजे भटक्या. घोडे ओढायचे तिला. अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्यांना सावध करायला एक नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जायचा. पण तो डॉक्टर उन्हाळ्यात निघाला होता. शहाणा माणूस.

आता कामाचं सांगते. कॅराव्हॅनमधल्या हिवाळ्यात दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या. लाल बाटली आणि उघडी झडप. पुन्हा सांगते. लाल बाटली, उघडी झडप. बाकी सगळं अंगवळणी पडतं. पाणी बाहेर चाळीस लिटरच्या पिंपात असतं, ते नळावरून जमिनीवर गडगडवत आणायचं. रात्री त्यातला पंप काढून आत घ्यायचा, नाहीतर सकाळी पंपासकट बर्फाची लादी. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, तेही अंगवळणी पडतं. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या की खिडक्यांवरून ओघळ वाहायला लागतात. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी हातात स्पंज, आणि सगळ्या खिडक्यांच्या कडा पुसून घ्यायच्या. माझ्या आयुष्यात मी इतकं पुसलं नव्हतं. आणि तरी सांगते, त्या खोलीत आमचं काही अडलं नाही. दोन ताटं, दोन वाट्या, एक कढई. हल्ली पुण्यात लोक दोन माणसांसाठी सात जणांचा सोफा घेतात आणि मग त्याच्यावर चादर घालून जमिनीवर बसतात. माझ्या सख्ख्या बहिणीकडे आहे तसला. ती ऐकत असेल. ऐकू दे.

तर लाल बाटली. तिकडे सिलिंडरला बाटली म्हणतात. आपल्याकडे लाल म्हणजे घरचा आणि निळा म्हणजे हॉटेलवाल्यांचा. तिथे तसं नाही. लाल म्हणजे प्रोपेन, निळी म्हणजे ब्युटेन. हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. संक्रांतीच्या संध्याकाळी शिकले.

डिसेंबर नुसता पावसात गेला होता. ऊब विजेवर, गॅस फक्त स्वयंपाकाला. एकदोन सकाळी ज्योत मरतुकडी जळाली, पण दुपारी नीट व्हायची, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मग संक्रांत आली. लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवरून पांढरे तीळ आणले होते, चिक्कीचा गूळ पुण्याहून आलेला. बाहेर उणे सात. मी तीळ भाजले, दाण्याचं कूट केलं, खोबरं किसून ठेवलं आणि कढईत तूप-गूळ चढवला. गूळ विरघळला, फेस आला. वाटीतल्या पाण्यात थेंब टाकला, अजून पसरत होता. आता एक मिनिटाचं काम. आणि तुम्हाला सांगते, त्या एका मिनिटात बर्नरने फुर्र केलं, निळी ज्योत पिवळी झाली, वाटाण्याएवढी झाली आणि गेली.

"अहो, गॅस संपला."

"कसा संपेल? अर्धी आहे बाटली."

हे टोपी घालून बाहेर गेले. पुढच्या बाजूला एक खोका असतो, त्यात बाटली. हलवून पाहिली. आत खळ्ळ खळ्ळ आवाज! म्हणजे गॅस होता. पण होता तो पातळ, पाण्यासारखा, आणि वर यायला तयार नाही. ब्युटेनचं असं आहे की शून्याच्या आसपास त्याची वाफच होत नाही. प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत होतो. आमची बाटली निळी. उन्हाळ्यातली. मी ऑक्टोबरात विचारलं होतं, हिवाळ्याला हीच चालते ना? उत्तर मिळालं होतं, "गॅस म्हणजे गॅस." जन्मभर हिशेबनिसाची नोकरी केलेला माणूस! पावतीवरचा शब्द न् शब्द वाचणारा!

आता यांच्या डोक्यात आलं की बाटलीला शेक द्यावा. विजेची किटली लावली. मी म्हटलं, "अहो, आधी हीटर बंद करा." त्या साइटवर आम्हाला दहा अँपिअर मिळायचे. म्हणजे दोन किलोवॅटचा हीटर चालवा किंवा दोन किलोवॅटची किटली. दोन्ही नाही. हे म्हणाले, "दोन मिनिटांनी काय होतंय?" किटली गाऊ लागली, शिट्टी वाजायच्या बेताला आली, आणि खट्. बाहेरच्या खांबातला ब्रेकर पडला. दिवे बॅटरीवरचे, ते तेवढे चालू. त्या उजेडात मी, कढईत अर्धा पाक, आणि हातात वाफाळती किटली घेऊन बाहेर निघालेले आमचे हे.

शेजारच्या कॅराव्हॅनमध्ये एक आजोबा राहायचे. एकटेच. ऐंशीच्या घरातले, दरवर्षी हिवाळ्यात तिथेच यायचे. आता डर्बीशायरच्या लोकांची एक लकब आहे. ते कुणालाही 'डक' म्हणतात. डक म्हणजे बदक. बस ड्रायव्हर, दुकानदार, नर्स, सगळे. आपलं 'बाळा' किंवा 'राजा' असतं तसं. पण इंग्रजीत डकचा दुसरा अर्थ खाली वाक! तर आजोबांनी खिडकीतून पाहिलं की हा गृहस्थ अंधारात गॅसच्या बाटलीवर उकळतं पाणी ओतायला निघालाय. ते दार उघडून जिवाच्या आकांताने ओरडले, "नाही, डक! नाही!"

आणि हे खाली वाकले.

श्रोतेहो, हे खरोखर वाकले. डोक्यावर हात धरून! किटली तिरपी झाली आणि अर्धं पाणी यांच्याच बुटावर. बूट जाड होता म्हणून बचावले. पण बाटलीवर उकळतं पाणी पडायचं टळलं ते त्या बदकामुळे.

मग आजोबा आले. झग्यावर कोट, पायात गमबूट, हातात लाल बाटली, खांद्यावर रबरी नळी. रेग्युलेटर तिथे भिंतीला ठोकलेला असतो, तो दोन्हींना चालतो. फक्त नळी बदलावी लागते. त्यांनी नळी यांच्या हातात दिली, पाना दिला. हे आवळू लागले. आवळतायत, आवळतायत, आणि नट सैल होतोय! गॅसचे आटे उलटे असतात. डावीकडे फिरवलं की घट्ट. आजोबा शांतपणे विजेरी धरून उभे. शेवटी म्हणाले, "दुसरीकडे, डक." या वेळी हे वाकले नाहीत.

साबणाचा फेस लावून गळती पाहिली. फेसाचा बुडबुडा आला नाही, फेस तिथेच थिजला. आजोबा आत आले, शेगडी पेटवून पाहिली. लांब, निळी, भरघोस ज्योत. मी कढई परत चढवली. आणि ते खाली बघायला लागले. शेगडीखाली जमिनीत एक झडप असते, हवा खेळायला. तिथून गार वारा यायचा पायांवर, म्हणून मी तिच्यात माझ्या जुन्या व्हॉइल साडीचा बोळा कोंबला होता. गुलाबी, पांढऱ्या बुट्ट्यांची. आजोबा गुडघ्यावर बसले, दोन बोटांनी ती साडी ओढायला लागले. वीतभर आली, हातभर आली, येतच राहिली. जादूगाराच्या खिशातला रुमाल निघतो तशी! सगळी निघाल्यावर त्यांनी नीट घडी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "थंडीनं माणूस कुडकुडतो. याच्यानं उठतच नाही."

म्हणून पुन्हा सांगते. लाल बाटली, उघडी झडप. गॅस जळताना हवा पुरली नाही की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आणि हे कॅराव्हॅनपुरतं नाही हं. आपल्याकडे न्हाणीघरात गॅस गिझर लावतात, खिडकी बंद करून पोरं आंघोळीला जातात आणि मग पेपरात बातमी वाचायची. तुमच्या घरी तसला असेल तर उद्या सकाळी आधी त्या न्हाणीघरातली खिडकी उघडते का ते बघा.

हां, पाक. या सगळ्या गडबडीत पाक पुढे गेला. थेंब पाण्यात टाकला तर टण्ण वाजला. लाडू वळायचे, ते वळेपर्यंत दगड झाले. पण संक्रांत होती, घरी आलेल्या माणसाला रिकाम्या हाती कसं पाठवायचं? मी बशीत दोन ठेवले आणि समजावलं की आमच्यात म्हणतात, तिळगूळ घ्या, गोड बोला. आजोबांनी अख्खा लाडू तोंडात टाकला. चावला नाही, नुसता गालात धरून ठेवला. पंधरा मिनिटं खाणाखुणा चालल्या होत्या. गोड काय, काहीच बोलता येईना त्यांना!

सकाळी हे बाटलीचे पैसे द्यायला गेले तर घेईनात. लहानपणी आई काळ्या काकवीची अशीच टणक टॉफी करायची, म्हणाले. पैसे नकोत, ते दगड असतील तर द्या.

मार्चच्या शेवटी आमच्या घराची किल्ली मिळाली. पण कॅसेटचं राहिलंच की! साडेपाच महिने, दर तिसऱ्या दिवशी ती टाकी बॅगेसारखी ओढत नेऊन रिकामी करायचं काम यांच्याकडे होतं, आणि एकदा बर्फावरून पाय घसरला तेव्हा... पण घड्याळात साडेआठ होत आलेत. तुम्ही पानावर बसला असाल. राहू दे.

नमस्कार.