भूपाच्या वाटेनं गिटारकडे

[दृश्य : फोंड्याजवळचं कुळागर. सुपारीच्या झाडांमागे कौलारू घर. गिटारचे सुटे सूर ऐकू येतात.]

गोव्यात गिटार सगळीकडे आहे. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये, नाताळच्या रात्री शेजारच्या अंगणात. फादो या पोर्तुगीज गाण्याच्या मैफलीत तर दोन गिटारी असतात, एक नेहमीची सहा तारांची आणि दुसरी बारा तारांची पोर्तुगीज. हे सूर मात्र फोंडा महालातल्या एका घरातून येताहेत. या घरात दर गुरुवारी भजन होतं. माजघरात पेटी आहे, खुंटीला टाळ आहेत, आणि आता कोपऱ्यातल्या खुर्चीवर गिटार आहे.

वाजवणाऱ्या बाई मराठी शाळेत शिकवायच्या. निवृत्त झाल्या, मुलं आपापल्या वाटेनं गेली, मग शिकायला सुरुवात केली. त्यांना भेटायला येईपर्यंत आमच्याही डोक्यात नेहमीचंच वाक्य होतं : या वयात बोटं कशी वळणार? तो प्रश्न खरा आहे. पण बोटांबरोबर कानही शिकत असतो, आणि बाईंचा कान लहानपणापासून तयार आहे. केरीच्या केसरबाई, मंगेशीचे दीनानाथ आणि जितेंद्र अभिषेकी ज्या महालातले, तिथे देवळाच्या सभामंडपात बसून गाणं ऐकत मोठं झालेलं माणूस संगीतात नवशिकं नसतं. त्याला वाद्य तेवढं नवं असतं.

[दृश्य : डाव्या हाताची बोटं, अगदी जवळून.]

सुरुवातीचे दिवस दुखण्याचे. धातूच्या तारांची गिटार जुळवून ठेवली की सहा तारांचा मिळून ताण साधारण सत्तर किलोच्या आसपास जातो. कोवळ्या बोटांनी त्या दाबायच्या म्हणजे टोकं लाल होणारच. बाईंनी आधी भाच्याची तसली गिटार आणली होती आणि पंधरवड्यात ठेवूनही दिली होती. मग मडगावचे एक तरुण शिक्षक भेटले. लहानपणी चर्चच्या शाळेत त्यांनी सोल्फा, म्हणजे दो-रे-मी अशी पाश्चात्त्य सरगम, आणि व्हायोलिनचे धडे गिरवले होते. त्यांनी पहिल्याच दिवशी नायलॉनच्या तारांची गिटार हातात दिली.

उशिरा शिकणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हेच सांगू. नायलॉनच्या तारेचा ताण बराच कमी असतो आणि बोटाला ती मऊ लागते. हिची मान रुंद असते, त्यामुळे एका तारेवरचं बोट शेजारच्या तारेला लागत नाही. हात लहान असेल तर तीच रुंदी जड जाते, म्हणून दुकानात बसून, हातात धरून बघावं. नायलॉन म्हणजे कमी दर्जाचं असं कुणी म्हणालं तर ऐकू नये. शास्त्रीय गिटार नायलॉनवरच वाजते. आंद्रेस सेगोव्हिया यांचा जन्म १८९३चा, आणि वयाच्या नव्वदीतही ते जाहीर मैफली करत होते.

दुसरी गोष्ट, बोट कुठे ठेवायचं. मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे पडदे, दोन पडद्यांमधली जागा म्हणजे घर. पडद्यावर नाही, दोन पडद्यांच्या मधोमधही नाही. पडद्याच्या अगदी लगत, अलीकडच्या बाजूला. तिथे निम्म्या जोरात सूर स्वच्छ येतो.

"सर, बोटं ऐकत नाहीत हो माझी."

"बाई, तुम्ही दाबताय फार. अंगठा सैल सोडा."

दोघंही शिक्षक. ती त्यांना सर म्हणणार, ते तिला बाई म्हणणार. आम्ही शूटिंग करत होतो तेव्हा त्या खोलीत कुणीच कुणाला वयानं मोजत नव्हतं.

[दृश्य : बाई खुर्चीत. शेजारी पेटी. शिक्षक समोर बसलेले.]

गिटारच्या वर्गात पहिल्यांदा कॉर्ड शिकवतात. तीन-चार सूर एकदम वाजवायचे. आपलं गाणं एका वेळी एका सुराचं, त्यामुळे भजनातून आलेल्या माणसाला हे परकं वाटतं. बाईंनाही वाटलं. तेव्हा सरांनी विचारलं, "तुम्हाला भूप राग येतो ना?" भूप न येणारा भजनी माणूस फोंड्यात शोधावा लागेल. सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद वर्ज्य.

पेटीची पांढरी एक म्हणजे षड्ज धरा. 'सी' नावाचा कॉर्ड म्हणजे षड्ज, गंधार, पंचम. 'ए मायनर' म्हणजे धैवत, षड्ज, गंधार. दोन्ही कॉर्ड भूपाच्या घरातले, बाहेरचा एकही सूर नाही. आणि भूपाचा वादी, म्हणजे मुख्य सूर, गंधार दोन्हीकडे आहे.

आता बाईंचा डावा हात नीट बघा. तारा खालून मोजायच्या, सगळ्यात बारीक ती पहिली. सी लावलाय. तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या घरात, तिथे षड्ज. मधलं बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या घरात, तिथे गंधार. अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या घरात, तोही षड्ज, खालचा. तिसरी तार मोकळी, ती पंचमात बोलते. ए मायनरला जायचं तर तर्जनी आणि मधलं बोट जागचं हलत नाही. अनामिका तेवढी पाचव्या तारेवरून उचलायची आणि तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या घरात ठेवायची. जिथे पंचम होता तिथे धैवत आला. सोडलेली पाचवी तारही मोकळी होऊन धैवतच देते. एक बोट हललं आणि प वरून ध वर आलो.

बाईंनी हे केलं, थांबल्या, परत केलं. मग उजव्या हातानं आठ मात्रा धरल्या. भजनी ठेका आठ मात्रांचाच, चार सी वर आणि चार ए मायनरवर. त्यावर त्या भूपाचे आलाप गुणगुणू लागल्या. अभ्यास झाला, गाणं सुरू झालं.

नंतर सरांनी 'जी' दाखवला. पंचम, निषाद, रिषभ. बाईंनी तार छेडली आणि लगेच मान हलवली. "सर, ह्यात निषाद आहे." कॉर्डचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, त्याचे सूर त्यांनी कानानं ओळखले. विशीतला मुलगा बोटं भराभर टाकतो, त्याचं कौतुक आहेच. पण त्याला हा निषाद ऐकू यायला वर्षं लागतात.

कान तयार असण्याची एक अडचणही आहे. तंबोऱ्यात जो गंधार आपोआप ऐकू येतो त्यापेक्षा गिटारचा गंधार किंचित चढा असतो. पडदे बसवतानाच सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, त्याचा हा परिणाम. पेटीचीही तीच गत. शिवाय पडदे पक्के. तार खेचून सूर वर नेता येतो, पण दरबारी रागाचा आंदोलित, म्हणजे झुलता, गंधार सरोदवर येतो तसा इथे यायचा नाही. बाईंनी तो हट्ट सोडून दिला, आणि आम्हाला ते शहाणपणाचं वाटलं. गिटारला जे येतं तेही पुष्कळ आहे.

[दृश्य : कॅपो लावणारा हात.]

पट्टीचं काय? गुरुवारी बुवा गातात काळी दोनमध्ये. त्यासाठी कॅपो नावाचा, सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा आहे. तो तिसऱ्या पडद्यावर लावायचा आणि सी-ए मायनरचीच ठेवण धरायची. षड्ज काळी दोनचा झाला, बोटांना नवं काही शिकावं लागलं नाही. बाईंची स्वतःची पट्टी काळी चार. त्याला कॅपो पहिल्या पडद्यावर, आणि ठेवण 'जी' आणि 'ई मायनर'ची. सुरांचं नातं तेच : सा-ग-प आणि ध-सा-ग. हा हिशेब त्यांनी वहीत मांडून ठेवलाय, पेटीच्या पट्ट्या एका बाजूला, कॅपोची घरं दुसऱ्या बाजूला. गोव्यातल्या प्रत्येक भजनी मंडळाला ती वही उपयोगी पडेल.

[दृश्य : पावसाळा. कौलांवरून पाण्याच्या धारा.]

आणि पाऊस. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलीमीटर पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. इथे आषाढात हवा नव्वदीच्या घरात असते. लाकूड पाणी पितं, पुढची पाटी फुगते, तारा मानेपासून वर उचलल्या जातात आणि दाबायला जड होतात. धातूच्या तारा तर गंजतातच. बरेच लोक याच महिन्यांत गिटार सोडतात आणि दोष बोटांना देतात. तसं करू नका. गिटार भिंतीला टांगू नका, तिच्या बंद पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आणि पुड्या ओलावल्या की बदला. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्यानं पुसा.

रोज किती वाजवायचं? बाई सकाळी पूजा आटोपली की वीस मिनिटं आणि दिवेलागणीनंतर वीस मिनिटं बसतात. सलग तास नाही, कारण मनगट दुखतं. सांधे दुखत असतील तर त्या दिवशी नुसत्या उजव्या हातानं ठेका धरतात. खुर्ची बिनहाताची, पाय जमिनीला टेकलेले. गुडघ्यांमुळे पेटीपुढे मांडी घालणं त्यांना आता जमत नाही. गिटार खुर्चीत बसून वाजते, हे त्यांच्या दृष्टीनं फार मोठं आहे.

गिटार शिकणारे बहुतेक जण अडतात ते 'एफ'पाशी. सगळ्या तारांवर तर्जनी आडवी टाकून दाबायची, कित्येकांची गिटार तिथेच कपाटावर जाते. बाईंना आजवर एफ लागलाच नाही. एफ म्हणजे मध्यम, धैवत, षड्ज, आणि भूपात मध्यम नाही.

आता त्यांना दुर्गा राग वाजवायचा आहे. सा, रे, म, प, ध. मध्यम आला म्हणजे एफ आला. सरांनी छोट्या एफपासून सुरुवात करून दिलीय : खालच्या, बारीक बाजूच्या चारच तारा वाजवायच्या, तर्जनी दोनच तारांवर आडवी. सोबत 'डी मायनर', म्हणजे रिषभ, मध्यम, धैवत. डी मायनर स्वच्छ वाजतोय. एफची पहिली तार अजून अडखळते, आणि बाई ती एकटी छेडून बघताहेत, बोट केसभर पडद्याकडे सरकवताहेत, पुन्हा छेडताहेत.