नुसतं ‘चांगले जंतू’ म्हणून भागत नाही

ओपीडीत एक काका आले होते. बसताबसताच म्हणाले, “डॉक्टर, चाळीस वर्षं जेवणानंतर रोज वाटीभर ताक पितोय. आमच्या पोटाला काही व्हायचं नाही.” ताकातले ‘चांगले जंतू’ पोटाला जपतात, या श्रद्धेबद्दल आज मला बोलायचं आहे. तिच्यात थोडं तथ्य आहे, आणि ते नेमकं किती हे समजून घेतलं नाही तर घात होऊ शकतो.

हा विचार जुना आहे. 1908 साली नोबेल मिळवणारे शास्त्रज्ञ मेच्निकॉफ पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करायचे. बल्गेरियातले खेडूत दीर्घायुषी होतात ते आंबवलेल्या दुधामुळे, असं त्यांचं मत होतं. पुढे 1930 मध्ये जपानच्या मिनोरु शिरोटांनी लॅक्टोबॅसिलस या दूध आंबवणाऱ्या जंतूचा एक वाण निवडून वेगळा वाढवला. याच वाणावर माणसांत झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष 2005 मध्ये आले. मोठ्या आतड्यातल्या गाठी काढलेल्या 398 लोकांचे चार गट केले होते. एका गटाला गव्हाचा कोंडा, एकाला हे जंतू, एकाला दोन्ही आणि एकाला काहीच नाही. चार वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. नव्या गाठी येण्याचं एकूण प्रमाण जंतूंमुळे कमी झालं नाही. मात्र ज्या गाठींच्या पेशी जास्त बिघडलेल्या असतात, म्हणजे ज्या कर्करोगाच्या वाटेवर पुढे गेलेल्या असतात, तशा गाठी जंतू घेणाऱ्यांत कमी दिसल्या. मला हा निष्कर्ष मोलाचा वाटतो. पण तो त्या एका वाणापुरताच आहे.

वाण हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. ज्वारी म्हटली की प्रत्येक ज्वारी मालदांडी नसते, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. जंतूंचंही तसंच आहे. घरच्या विरजणात कोणते वाण आहेत, किती आहेत, हे कुणी मोजलेलं नसतं. शेजारून विरजण आणलं की दह्याची चवसुद्धा बदलते. दही उत्तम अन्न आहे, जरूर खा. पण ओळख पटलेले, पुरेशा संख्येने जिवंत आणि फायदा सिद्ध झालेले जंतू असतील, तरच त्यांना प्रोबायोटिक म्हणायचं.

आता ई. कोलाय या आपल्या आतड्यात राहणाऱ्या जंतूची गोष्ट ऐका. पहिल्या महायुद्धात, 1917 साली, आल्फ्रेड निस्ले या जर्मन डॉक्टरला एक सैनिक भेटला. सोबतचे जवान जुलाबांनी बेजार झालेले, हा मात्र ठणठणीत. त्याच्या विष्ठेतून निस्लेने ई. कोलायचा एक वाण वेगळा काढला. तो आजही काही देशांत औषध म्हणून विकला जातो. पुढे कळलं की काही ई. कोलाय कोलिबॅक्टिन नावाचं विष बनवतात आणि ते थेट आपल्या पेशींच्या डीएनएला इजा करतं. त्या इजेच्या खुणा आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींत सापडल्या. 2020 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत माणसाच्या पेशींपासून वाढवलेल्या आतड्याच्या चिमुकल्या प्रतिकृतींवर हे दाखवून दिलं. आणि हे विष बनवणारी जनुकं निस्लेच्या त्या गुणी वाणातही आहेत! ज्याला शंभर वर्षं मित्र मानलं, त्याच्याही हातात सुरी निघाली. ‘चांगले जंतू’ हा शब्द मला पुरत नाही, तो यासाठी.

याच निस्ले वाणाला सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी वेगळं काम शिकवलं. 2018 मध्ये त्यांनी त्याच्यात असा बदल केला की तो कर्करोगाच्या पेशींना चिकटतो आणि कोबी-ब्रोकोलीतल्या एका घटकापासून तिथेच कर्करोगविरोधी द्रव्य तयार करतो. उंदरांच्या गाठी लहान झाल्या. माणसापर्यंतचा रस्ता अजून लांब आहे, पण मला यातच खरी आशा दिसते.

तोवर आपल्या हातात काय आहे? मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी बरीचशी ऊर्जा ब्युटिरेट नावाच्या द्रव्यातून घेतात. आपण न पचवलेला चोथा आतले जंतू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट बनतं. म्हणजे भाकरी, उसळ, सालासकट फळं हे आपल्याच जंतूंचं जेवण आहे. बाहेरून पाहुणे आणण्याआधी घरच्यांना उपाशी ठेवू नये, इतकं साधं आहे हे.

केमोथेरपी चालू असणाऱ्यांना मात्र कळकळीने सांगतो. एका बाईंनी पिशवीतून प्रोबायोटिकच्या सात पुड्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. यजमानांसाठी औषधाच्या दुकानातून आणलेल्या. त्या दिवशी यजमानांच्या रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी अगदी खाली होत्या. अशा वेळी हेच जंतू क्वचित रक्तात शिरून आजार करतात. पुड्या बाजूला ठेवायला लावल्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नका.

आणि ते काका? ते आले होते मूळव्याधीसाठी. वर्षभर रक्त पडत होतं, मलम लावत होते, ताक चालू होतं. बोटाने तपासलं तर गाठ हाताला लागली. वेळेवर ऑपरेशन झालं, आज ते बरे आहेत. टाके काढल्यावर त्यांनी पहिला प्रश्न ताकाचाच विचारला. पातळ करून, जिरेपूड घालून सुरू करा म्हटलं, आणि पुढच्या कोलोनोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीने आतडं तपासण्याची, तारीख त्यांच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दिली.