भांगेचं झाड आणि कॅन्सरचा वॉर्ड

(कुमाऊंचा डोंगरउतार, सकाळ)

गोठ्यामागे, पडक्या भिंतीत, रस्त्याच्या कडेला. इथे भांग लावली नाही तरी उगवतेच. तव्यावर तडतडतंय ते तिचं बी. आता पाट्यावर जिरं, हिरवी मिरची, पुदिना, वरून लिंबू. ही चटणी खाऊन झिंग येत नाही. बियांत नशेचं द्रव्य नावापुरतंच. खोडाचा वाख निघतो, त्याचे दोर वळतात. 2018 साली उत्तराखंडने याच वाखासाठी व्यावसायिक लागवडीला परवानगी दिली. अट एकच मोठी: टीएचसी, म्हणजे ते नशेचं द्रव्य, 0.3 टक्क्यांच्या आत.

(सूक्ष्मदर्शकातून फुलोरा)

टीएचसी राहतं इथे. मादी झाडाच्या फुलोऱ्यावर काचेच्या टाचण्या उभ्या असाव्यात तसे हे केस. प्रत्येकाच्या टोकाला राळेचा थेंब. नशाही त्यातच, औषधही त्यातच.

(जुन्या ग्रंथाची पानं)

1839. कलकत्ता मेडिकल कॉलेजातला आयरिश डॉक्टर विल्यम ओशॉनेसी गांजाचे, म्हणजे याच वाळलेल्या फुलोऱ्याचे, प्रयोग आधी प्राण्यांवर करतो, मग रुग्णांवर. त्यातला एक पिसाळलेला कुत्रा चावलेला. पाणी पुढे आलं की झटके. गांजाच्या गोळ्या पोटात गेल्यावर त्याला संत्र्याचा रस गिळता आला. माणूस वाचला नाही, पण त्याचे हाल कमी झाले, आणि डॉक्टरने दोन्ही गोष्टी लिहून ठेवल्या. भांगेने कॅन्सर बरा होतो की फक्त हाल कमी होतात, हा आजचा वाद याहून फार पुढे गेलाय असं आम्हाला वाटत नाही.

 

(परळ, टाटा रुग्णालयाबाहेरचा पदपथ. निवेदन बंद. फक्त रस्त्याचा आवाज.)

केमोनंतरच्या उलट्यांवर टीएचसीच्या धर्तीची दोन औषधं, ड्रोनॅबिनॉल आणि नॅबिलोन, अमेरिकेने 1985 साली मान्य केली. त्याच वर्षी आपल्याकडे एनडीपीएस हा अमली पदार्थांचा कायदा आला. गांजा-चरस त्यात अडकले. नुसती पानं आणि बिया सुटल्या. म्हणून आज 'विजया' या भांगेच्या आयुर्वेदातल्या नावाने मिळणारी आयुर्वेदिक औषधं पानांपासून बनतात. राळेने भरलेला फुलोरा कुलपात, आणि 'पुरावा आणा' म्हणणारेही आपणच!

मग टीएचसीने कॅन्सरची गाठ विरघळते का? 1975 साली अमेरिकेत उंदरांच्या फुप्फुसातली गाठ टीएचसीने मंदावली. 2006 साली माद्रिदमधल्या गटाने ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा कॅन्सर परत आलेल्या नऊ रुग्णांच्या थेट गाठीत टीएचसी सोडलं. ते झेपलं, आयुष्य वाढलं, असं मात्र म्हणता आलं नाही. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2024 मध्ये स्पष्ट सांगितलं: चाचणीबाहेर, गाठीवरचा इलाज म्हणून हे वापरू नका. व्हॉट्सॲपवरच्या तेलापायी केमो सोडली तर हातातली वेळ जाते, आणि सीबीडी, भांगेतलंच झिंग न आणणारं दुसरं द्रव्य, इतर औषधांच्या कामात ढवळाढवळ करतं, हेही खरंच.

ब्रिटनमध्ये याच मेंदूच्या कॅन्सरवर, केमोच्या गोळ्यांसोबत टीएचसी-सीबीडीचा तोंडात मारायचा फवारा देऊन मोठी चाचणी सुरू झाली आहे. काहींना खरा फवारा, काहींना औषध नसलेला खोटा, अशी तिची आखणी.

(जम्मू, शेताच्या कुंपणाबाहेरून)

हे सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या जम्मूच्या संस्थेचं राखीव शेत. इथल्या संशोधनाच्या यादीत कॅन्सरच्या वेदना आहेत, अपस्मार आहे.  फुलोरा कायद्याने हाताळायची मुभा असलेल्या देशातल्या मोजक्या जागांपैकी ही एक. अशा जागा वाढवायच्या, तर एनडीपीएसच्या कलम 10 खाली परवाने द्यायचा अधिकार राज्यांकडे आजही आहे. महाराष्ट्राकडेसुद्धा.