जवानांना रानात नेताना

देवळालीच्या तोफखान्यामुळे नाशकात माजी सैनिकांची घरं भरपूर. त्यात पोलीस, अग्निशमन दल आणि १०८ वरची माणसं धरा. सिंहस्थात या सगळ्यांवर किती ताण येतो, ते तुम्हाला सांगायला नको. अशा माणसाला झोप लागेनाशी झाली, दाराकडे पाठ करून बसवेना, की घरचे म्हणतात, ‘चार दिवस डोंगरात जाऊन या.’ सल्ला चांगला आहे, पण तयारी नसली तर तो अंगाशी येतो. म्हणून आज तयारीवरच बोलू.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेला अर्ल शेफर १९४८ साली अमेरिकेतली सुमारे ३,५०० किलोमीटरची अ‍ॅपलाचियन ट्रेल सलग चालला, तो डोक्यातलं युद्ध उतरवण्यासाठी. अशा आघातानंतर मनात घर करून राहणाऱ्या त्रासाला म्हणतात पीटीएसडी. हे नाव तिथल्या मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आलं १९८० साली. पुढे अशा माणसांना रानात नेऊन काय होतं यावर अभ्यास झाले, पण बरेचसे छोट्या गटांवर. मन हलकं होतं असं त्यांत दिसतं, मात्र घरी परतल्यावर तो परिणाम ओसरूही शकतो. त्यामुळे रान हे उपचाराच्या जोडीला. गोळ्या आणि समुपदेशन थांबवून नव्हे.

पहिली चाळणी औषधांची. महिनाभर आधी मानसोपचारतज्ज्ञांना विचारा. लिथियम चालू असेल, तर घाम जाऊन पाणी कमी पडलं की रक्तातलं त्याचं प्रमाण विषारी होऊ शकतं. हात जोरात थरथरतात, जुलाब होतात, तोल जातो. वाईट स्वप्नांसाठी प्राझोसिन घेणाऱ्याचा रक्तदाब झटकन उभं राहिल्यावर पडतो. रात्री लघवीला उठताना त्याने आधी मिनिटभर बसावं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू ट्रिपसाठी म्हणून एकदम तोडू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांतच फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, आणि नेमके तेव्हा तुम्ही गडावर असता. आत्महत्येचे विचार येत असतील तर ट्रिप नाहीच. आधी डॉक्टर, आणि रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६.

जागा निवडताना कान उघडे ठेवा. फायरिंग रेंजचा आवाज वाऱ्यावर लांब जातो, खडीसाठी सुरुंग लागतात, लग्नसराईत फटाके वाजतात. रेंजपासून दूर, बागलाणात साल्हेरच्या पायथ्याला वाघांबे गावात मुक्काम करता येतो. साल्हेर १,५६७ मीटर, पण माथा गाठायलाच हवा असं मुळीच नाही. जवान एकत्र आले की टायमिंग लावतात, मागे पडलेला मनातून खचतो. म्हणून सगळ्यात हळू चालणारा पुढे ठेवा. हरिहर गडासारख्या अरुंद पायऱ्यांवर शनिवार-रविवारी जाऊ नका. मागून गर्दी, पुढे अडलेली रांग, निसटायला वाट नाही: अशा माणसाला नेमकं हेच सोसत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ बरा. गटात आठ जण, दोन वाटाडे, एक समुपदेशक. पाणी माणशी चार लिटर धरा, टाक्यांच्या भरवशावर राहू नका.

खरी परीक्षा रात्रीची. तंबू दोन दारांचा घ्या आणि ज्याला वाट दिसत राहायला हवी त्याला कडेचा द्या. पहारा ठेवायचा असेल तर माणशी एकच पाळी, दीड तासाची. नाहीतर एखादा रात्रभर जागा राहतो आणि त्याला ते कर्तव्य वाटतं. झोपेत कुणी ओरडला तर खांद्याला हात लावून उठवू नका, हात उगारला जाऊ शकतो. चार-पाच पावलांवरून, पायांच्या बाजूने नाव घ्या, आपलं नाव सांगा, ‘आपण वाघांब्यात आहोत’ म्हणा. बॅटरी तोंडावर मारू नका.

शेकोटीपाशी ‘तिकडे काय झालं ते सांगा’ असा आग्रह कुणी धरू नये. लाकडं फोडणं, भाकरी थापणं, भांडी घासणं ही कामं वाटून द्या. बोलायचं असेल तो हात चालू असताना आपसूक बोलतो.

आणि परतीचं ठरवूनच निघा. घरी आल्यावर दोन-तीन दिवसांत मन एकदम खचू शकतं, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. तिसऱ्या दिवशी फोन, पंधरा दिवसांनी भेट, आणि डॉक्टरांची पुढची तारीख निघण्यापूर्वीच घेतलेली असावी.