भरून मिळालेले गेम, न बनलेले गेम

(इंदूरमधल्या एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण. लेखी रूप देताना थोडे संपादन केले आहे.)

नमस्कार. आज मी पायरसीविषयी, म्हणजे गेम बनवणाऱ्याला पैसे न देता गेम भरून घेण्याविषयी बोलणार आहे. सभागृहात आज आठवी-नववीतली मुले आहेत आणि त्यांचे आजी-आजोबाही आहेत. म्हणून आधी यंत्राची ओळख करून देते. हँडहेल्ड कन्सोल म्हणजे हातात धरून गेम खेळायचे यंत्र. निन्टेन्डोचा गेम बॉय १९८९ मध्ये आला. २००४ मध्ये आलेल्या निन्टेन्डो डीएसचे १५ कोटींहून अधिक नग खपले. सोनीचा पीएसपीही त्याच वर्षीचा. पुढे २०१७ मध्ये स्विच आला, २०२५ मध्ये स्विच २. माझे काम पोर्टिंगचे. संगणकासाठी बनलेला गेम या छोट्या यंत्रावर अडखळल्याशिवाय चालेल असा करून द्यायचा. पहिल्या स्विचमध्ये मेमरी फक्त ४ जीबी, तीही सगळी गेमच्या वाट्याला येत नाही. एका दृश्यातले धुके कमी करायचे की पाण्यातले प्रतिबिंब, यावर आम्ही आठवडेच्या आठवडे भांडतो. मग निन्टेन्डोची तपासणी होते, तिच्यात एखादा गेम परत येतो, पुन्हा दुरुस्ती. खेळणाऱ्याला यातले काही दिसत नाही आणि दिसूही नये. पण या कामाचे पगार गेमच्या विक्रीतूनच निघतात.

आता पीएसपीच्या दिवसांकडे येऊ. ते यंत्र ज्यांनी आपल्या जेल रोडवर किंवा देशातल्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घेतले, त्यांना एक प्रश्न ओळखीचा असेल: ‘गेम भरून द्यायचे का?’ वर थोडे पैसे दिले की मेमरी कार्डात वीस-तीस गेम. घरी कुणालाच यात काही गैर वाटत नसे. दुकानदार काम करून देतोय, त्याचे पैसे घेतोय, इतका सरळ हिशोब. त्या आई-वडिलांना मी दोष देत नाही. पण व्यवहार नीट पाहा. पैसे दुकानदाराला मिळाले, मेमरी कार्ड बनवणाऱ्याला मिळाले, यंत्र बनवणाऱ्यालाही मिळाले. गेम ज्यांनी बनवला त्यांना मात्र काही नाही.

हे भरणे चालायचे कसे? डीएसचे गेम छोट्या कार्ट्रिजवर यायचे. आर-फोर नावाचे कार्ड दिसायला हुबेहूब तसेच, फक्त त्यात मायक्रोएसडी बसवायला जागा. यंत्राला वाटायचे, अस्सल कार्ट्रिजच लावले आहे. निन्टेन्डो आणि इतर ५४ कंपन्या २००८ मध्ये टोकियोच्या न्यायालयात गेल्या आणि २००९ मध्ये जपानमध्ये त्याच्या विक्रीवर बंदी आली. पीएसपीची गोष्ट अधिक विलक्षण आहे. दुरुस्तीसाठी सोनीने त्यात एक सर्व्हिस मोड ठेवला होता आणि त्याची किल्ली चक्क बॅटरीत होती. बॅटरीच्या चिपमध्ये ठरावीक क्रमांक आढळला की यंत्र आपले नेहमीचे सॉफ्टवेअर बाजूला सारून थेट मेमरी स्टिकवरून सुरू व्हायचे. २००७ मध्ये हे गुपित फुटले, ‘पँडोरा बॅटरी’ घरोघरी बनू लागली. सोनीने पुढच्या यंत्रांतले मदरबोर्ड बदलले, पण विकली गेलेली कोट्यवधी यंत्रे काही परत मागवता येत नाहीत. स्विचबाबत २०१८ मध्ये असेच घडले. त्याच्या टेग्रा एक्स-वन चिपच्या बूटरॉममध्ये, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या पहिल्या प्रोग्राममध्ये, चूक सापडली. बूटरॉम कारखान्यातच पक्का होतो, अपडेट पाठवून तो सुधारता येत नाही. अशा चुका शोधणारे सगळे चोर नसतात, हेही सांगते. स्वतः लिहिलेले प्रोग्राम आपल्या यंत्रावर चालवावेत, एवढीच हौस असलेले पुष्कळ जण त्यात होते आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे.

नुकसान किती झाले, या प्रश्नावर मात्र मला माझ्याच क्षेत्रातल्या लोकांशी भांडायचे आहे. २०१० मध्ये जपानमधल्या गेम कंपन्यांच्या संघटनेने जाहीर केले की २००४ ते २००९ या काळात डीएस आणि पीएसपीच्या पायरसीमुळे जगभरात सुमारे ३.८ लाख कोटी येन बुडाले. हिशोब कसा केला? जपानमध्ये सर्वाधिक खपलेले २० गेम घेतले, बेकायदा साइटांवरची त्यांची डाउनलोड मोजली, किमतीने गुणली, आणि जपान म्हणजे जगाच्या बाजाराचा चौथा हिस्सा असे धरून आलेले उत्तर चारपट केले. म्हणजे डाउनलोड करणारा प्रत्येक मुलगा तो गेम पूर्ण किमतीला घेणारच होता! हे मला अजिबात पटत नाही. कार्डात तीस गेम भरून घेणाऱ्या मुलाने तीस गेम विकत घेतले असते काय? दोन घेतले असते, कदाचित तेही नाही. असे फुगवलेले आकडे ऐकून लोकांचा खऱ्या नुकसानीवरचाही विश्वास उडतो.

दुसऱ्या टोकाला युरोपीय आयोगाने करवून घेतलेला एक अभ्यास आहे. तो २०१५ मध्ये पूर्ण झाला, लोकांसमोर आला २०१७ मध्ये. पायरसीमुळे गेमची विक्री घटते असा ठोस पुरावा त्यात सापडला नाही. पायरसीचे समर्थक तो नेहमी पुढे करतात. पण एकूण बाजाराच्या सरासरीत कोण बुडाले ते दिसत नाही. २०२४ मध्ये पुढे आलेले अमेरिकेतले एक संशोधन मला जास्त उपयोगी वाटते. ते संगणकावरच्या ८६ गेमचे आहे, हँडहेल्डचे नाही, तरी त्यातला मुद्दा आमच्या कामाला तंतोतंत लागू पडतो. गेमची कॉपी रोखणारे कुलूप पहिल्याच आठवड्यात फुटले तर सरासरी २० टक्के उत्पन्न जाते; बारा आठवड्यांनंतर फुटले तर जवळजवळ काहीच जात नाही. गेमच्या कमाईचा मोठा भाग सुरुवातीच्या काही आठवड्यांतच येत असतो. चोरी किती झाली याच्या बरोबरीने ती कधी झाली, हे म्हणूनच महत्त्वाचे.

आणि कुणाची झाली, हे त्याहून महत्त्वाचे. झेल्डा मालिकेतला ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ २०२३ मध्ये विक्रीला येण्याआधीच फुटला. प्रकाशनापूर्वीच तो १० लाखांहून अधिक वेळा डाउनलोड झाला, असे निन्टेन्डोने पुढे युझू या एम्युलेटरविरुद्धच्या (स्विचचे गेम दुसऱ्या यंत्रावर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरविरुद्धच्या) दाव्यात म्हटले. युझूच्या मंडळींनी २४ लाख डॉलर देण्याचे मान्य करून २०२४ मध्ये काम बंद केले. पण तोच गेम पहिल्या तीन दिवसांत एक कोटी प्रती खपला होता. निन्टेन्डोला धक्का बसला असेल, पण ती बुडाली नाही. आता याच्यासमोर ‘गेम डेव्ह टायकून’ ठेवा. दोन भावांनी मिळून बनवलेला हा संगणकावरचा गेम २०१३ मध्ये त्यांच्या स्वतःच्या साइटवर विक्रीला आला. त्यात आपण गेमची कंपनी चालवायची असते. पहिल्या दिवशी ३,३१८ जण तो खेळले. त्यातल्या ३,१०४ जणांकडे फुकटची प्रत होती, विकत घेतलेले फक्त २१४. ती फुकटची प्रत भावांनी स्वतःच पसरवली होती आणि तिच्यात एक बदल केला होता: खेळणाऱ्याची कंपनी पायरसीमुळे दिवाळखोरीत जाते. तर फुकट खेळणारेच विचारू लागले, आमचे गेम लोक चोरतात, यावर उपाय काय? त्या गेमची जगभर चर्चा झाली आणि ते भाऊ तरले. असे सगळ्यांच्या नशिबी नसते. दहा माणसांनी तीन वर्षे खपून केलेल्या गेमच्या विक्रीतून आधी साधारण ३० टक्के ऑनलाइन दुकान घेते, मग प्रकाशक आपला वाटा घेतो. उरलेल्यातून पुढच्या गेमची सोय व्हायची असते. त्यातले २० टक्के गेले की पुढचा गेम होत नाही.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. सानंद या आपल्या इंदूरच्या सांस्कृतिक संस्थेचे सभासद वर्षाची वर्गणी आधी भरतात, म्हणून पुण्या-मुंबईचे नाटक एवढा खर्च करून इंदूरपर्यंत येते. लोक तिकिटाशिवाय आत शिरू लागले तर मोठ्या नटाचे नाटक एखादा प्रयोग सोसेल. नव्या मुलांची संस्था पुन्हा इकडे फिरकणार नाही, आणि कोणते नाटक आपल्याकडे आले नाही, हे आपल्याला कधी कळणारही नाही.

पीएसपीचे असेच झाले. जपानमध्ये ‘मॉन्स्टर हंटर’ लाखांनी खपत राहिला, कारण मित्र एकमेकांशेजारी बसून तो खेळायचे. पाश्चात्त्य कंपन्यांनी मात्र यंत्र बाजारात असतानाच त्यासाठी गेम बनवणे कमी केले. पायरसी हे एकच कारण होते असे मी म्हणणार नाही. आयफोन आला होता, लोकांचा वेळ तिकडे वळला होता. पण कारणांत ती होतीच. मग २०११ मध्ये पीएस व्हिटा आला. पीएसपीने शिकवलेला धडा ताजा होता, म्हणून त्याला साधे मेमरी कार्ड चालेना, सोनीचेच हवे. ३२ जीबीच्या कार्डाला अमेरिकेत १०० डॉलर. तो भुर्दंड कुणी भरला? जे गेम विकत घेत होते त्यांनीच. दक्षिण कोरिया आणि चीनमध्ये पायरसीने सीडीचा बाजार इतका पोखरला की तिथल्या कंपन्या ऑनलाइन गेमकडे वळल्या. सर्व्हरवर चालणाऱ्या गेमची कॉपी मारता येत नाही. खेळायला फुकट आणि आत पावलोपावली खरेदी, ही पद्धत तिथेच वाढली. आज तुमच्या नातवाच्या मोबाइलवर दर पाच मिनिटांनी काहीतरी विकत घ्या म्हणणारा जो गेम आहे, त्याचे मूळ काही अंशी इथे आहे. एकदा पैसे देऊन घेतलेला, सुरुवात-मध्य-शेवट असलेला, आपल्या मालकीचा गेम त्यामुळे दुर्मिळ होत गेला. मला याचे फार वाईट वाटते.

आता आपल्या घरचे उदाहरण. ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला. राजी नावाची मुलगी महाबलासुराच्या तावडीतून आपल्या गोलू या भावाला सोडवायला निघते आणि दुर्गा व विष्णू तिची कथा सांगतात. २०१७ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर वर्गणी मागितली, ती पुरी झाली नाही. तरी काम चालू ठेवले. १८ ऑगस्ट २०२० रोजी गेम आला तो सर्वांत आधी स्विचवर, आणि द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम पदार्पणासाठी त्याला नामांकन मिळाले. पण स्विच निन्टेन्डोने भारतात अधिकृतपणे विकलाच नाही! तो इथे येतो बाहेरून आणलेला, वॉरंटीशिवाय. निन्टेन्डोचे रुपयांतले ऑनलाइन दुकान नाही, परदेशी खाते उघडून गेम घ्यावा लागतो. पुण्यात बनलेला गेम पहिले दोन महिने इंदूरच्या मुलाला सरळ मार्गाने मिळणार नाही, ही व्यवस्था चुकीची आहे आणि तिचा दोष मी मुलाला देणार नाही.

‘मिळतच नाही, मग भरून घेतला तर काय बिघडले?’ असे मुले मला विचारतात. जुन्या गेमपुरते त्यांचे म्हणणे मला बरेचसे मान्य आहे. डीएसनंतर आलेल्या थ्रीडीएस या यंत्राचे ऑनलाइन दुकान निन्टेन्डोने मार्च २०२३ मध्ये बंद केले. त्यातले कित्येक गेम आता कुठेच विकत मिळत नाहीत. अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्ध नाहीत, असे तिथल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिले. ज्या वस्तूची विक्रीच थांबली तिची प्रत जपून ठेवणाऱ्यावर मला राग धरता येत नाही. पण राजी ऑक्टोबर २०२० पासून स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात रुपयांत मिळतो. हातात धरून खेळायची हौस असेल तर जिच्यावर स्टीमचे गेम चालतात ती आसुस कंपनीची रॉग अलाय २०२३ पासून भारतात अधिकृतपणे मिळते. ती महाग आहे, मान्य. म्हणून घरच्या संगणकावर खेळा, सेलची वाट पाहा, तीस गेमऐवजी वर्षाला दोन घ्या. रस्ता असताना भरून घेतलेल्या गेमला मी चोरीच म्हणेन.

कायद्याचे थोडक्यात सांगते. आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम येतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून संरक्षणाचे कुलूप हक्क मोडण्यासाठी तोडणे हाही गुन्हा आहे. कायद्याचा बडगा साहजिकच विकणाऱ्यावर आधी पडतो. स्विचची कुलपे तोडणारी साधने विकणाऱ्या टोळीतल्या एकाला अमेरिकेत २०२२ मध्ये ४० महिन्यांची शिक्षा झाली.

शेवटी एक कामाची गोष्ट, कारण दिवाळीला बरेच जण खरेदी करतील. एमआयजी नावाचे आर-फोरसारखे कार्ड लावलेले स्विच २ यंत्र निन्टेन्डो ओळखते आणि त्या यंत्राचा ऑनलाइन प्रवेश बंद करते. बंदी खात्यावर नसते, यंत्रावर असते, त्यामुळे यंत्र विकले तरी ती यंत्राबरोबर जाते. असे यंत्र वापरलेल्या मालात तुमच्या गळ्यात पडू शकते. वरून पाहून काही कळत नाही. दुकानातच फोनच्या हॉटस्पॉटला जोडा, ई-शॉप (निन्टेन्डोचे ऑनलाइन दुकान) उघडते का ते पाहा, मगच पैसे द्या.